आधी मूल शोधा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ठरला तेव्हा आपल्यापैकीच एक-दोघींनी विचारलं, की मूल पळवलं जाणं हा पोलिसांचा विषय. त्यात बायकांच्या संघटनेनं काय बोलायचं? मी म्हटलं, मूल हरवलेली बाई आपल्याकडे येते ती पोलिस स्टेशनची पायरी चढून, तिथून परत पाठवली गेल्यावरच येते. तिला परत का पाठवतात, आणि आपण स्वतः तिच्याकडे कोणत्या नजरेनं बघतो, एवढंच आज बोलू या.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री दहाच्या सुमारास आमच्या कार्यालयात घरकाम करणारी एक बाई आली. तिचा सात वर्षांचा मुलगा संध्याकाळपासून सापडत नव्हता. गल्लीतल्या पोरांनी त्याला एका अनोळखी माणसाचं बोट धरून जाताना पाहिलं होतं. ती आधी पोलिस स्टेशनला जाऊन आली होती. तिथे तिला विचारलं: नवरा कुठे असतो? भांडण झालं होतं का? पोराला मारलं होतंस का? त्या वेळी तू कुठे होतीस? मुलाच्या अंगावर काय कपडे होते, हे मात्र कुणी विचारलं नाही. "नातेवाइकांकडे बघ, सकाळी ये," असं सांगून तिला वाटेला लावलं.

मी तिच्याबरोबर पुन्हा गेले. जाताना ती म्हणाली, मुलगा सहाला गेला. ठाण्यात मात्र तिनं आठ वाजता असं सांगितलं होतं. खरं सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकली. ही काहीतरी लपवते आहे, असं वाटलं. मी पोलिसांशी वाद घातला, पण त्या वादात माझा पुरता जीव नव्हता. उलट पायरीवर बसून अर्धा तास मी तिचीच उलटतपासणी केली.

नंतर उलगडा झाला. मुलाच्या फीसाठी तिनं नवऱ्याला न सांगता संध्याकाळचं एक स्वयंपाकाचं काम धरलं होतं. मुलगा सहाला गेला, ती आठला घरी आली. ठाण्यात शेजारी दीर उभा होता, म्हणून तिला ते बोलता आलं नाही. मुलगा चौथ्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात सापडला. त्याच रात्री तो रेल्वे पोलिसांना गाडीत एकटा रडताना मिळाला होता. इथे नोंदच नव्हती, मग तिकडून कळवणार कुणाला? त्याला नेणारा माणूस कोण होता, ते आजतागायत कळलेलं नाही. ज्या दोन-चार तासांत कळलं असतं, ते आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या आईवर संशय घेण्यात घालवले.

तुम्ही म्हणाल, गरीब बाई, म्हणून असं झालं. गरिबीनं फरक पडतो, यात शंकाच नाही. पण शिकलेल्या, नवऱ्याला समाजात मान असलेल्या बाईचंही काय होतं, याचं एक उदाहरण ऑस्ट्रेलियात घडलेलं आहे. तिथे मूल माणसानं पळवलेलं नव्हतं, तरी आईवरच्या संशयाचा कारखाना कसा चालतो, ते त्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

१७ ऑगस्ट १९८० च्या रात्री उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या तळावर लिंडी चेंबरलेन ही बाई नवरा आणि मुलांसह उतरली होती. नवरा मायकेल हा सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचा धर्मोपदेशक. तंबूत झोपवलेली त्यांची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया नाहीशी झाली. डिंगोनं, म्हणजे तिकडच्या रानकुत्र्यानं बाळ नेलं, असं लिंडी ओरडून सांगत होती. तळावरच्या इतर प्रवाशांनी तिच्या म्हणण्याला दुजोरा दिला. माग काढण्यात वाकबगार असलेल्या आदिवासींनी डिंगोच्या पावलांचा माग दाखवला. १९८१ च्या पहिल्या मृत्यू-चौकशीत अधिकाऱ्यानं लिंडीचं म्हणणं मान्यही केलं.

पण लोकांनी मान्य केलं नाही. कशामुळे? तर दूरदर्शनवरच्या मुलाखतीत ती रडली नाही. शांतपणे, तपशीलवार बोलली. बाळाला काळा झबला घालत असे म्हणे. बाळाच्या नावाचा अर्थ 'रानात दिलेला बळी' असा आहे, ही थाप देशभर पसरली. पंथ अल्पसंख्य, त्यामुळे तिथे काय वाटेल ते चालत असेल, असंही ठरलं. पुन्हा चौकशी झाली, खटला उभा राहिला. प्रेत नव्हतं, आणि आईनं असं का करावं याचं कारणही सरकारी पक्षानं दिलं नाही. मोटारीत सापडलेले डाग तान्ह्या बाळाच्या रक्ताचे आहेत, असं तज्ज्ञांनी सांगितलं. २९ ऑक्टोबर १९८२ ला लिंडीला जन्मठेप झाली. त्या वेळी ती गरोदर होती.

१९८६ साली खडकावरून पडलेल्या एका प्रवाशाचा शोध घेताना डिंगोंच्या वावराच्या जागी बाळाचं जाकीट सापडलं. ते जाकीट होतं, असं लिंडी पहिल्यापासून सांगत होती आणि तिला खोटं पाडलं जात होतं. काही दिवसांतच तिला सोडावं लागलं. मोटारीतले 'रक्ताचे' डाग हे कारखान्यात मारलेल्या आवाजरोधक लेपाचे असल्याचं पुढे आलं. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. आणि डिंगोनं बाळ नेलं, हे सरकारी कागदावर कायमचं लिहिलं जायला १२ जून २०१२ उजाडलं. बत्तीस वर्षं!

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या रात्रीचा खरा पुरावा दोन प्रकारच्या माणसांकडे होता, एक आई आणि दुसरे आदिवासी. दोघांच्या शब्दाला किंमत नव्हती. न रडणारी आई काळजाची नसते, आणि आदिवासी माणसाचं ज्ञान हे ज्ञान नसतं, असं मानणाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या चुकीवर डोळे झाकून विश्वास ठेवला.

आपल्याकडेही दुःखाचं असंच एक माप ठरलेलं आहे. आई ऊर बडवून रडली तर नाटक, गप्प बसली तर निर्दय. नीटनेटकी साडी नेसून आली तर 'हिला काही वाटत नाही', केस मोकळे असले तर 'हिचं चालचलन बघा'. कुठल्याच मापात ती बसत नाही. आणि बाप बाहेरगावी असला तर तो कामासाठी गेलेला असतो. आई बाहेर असली तर ती कुठे गेली होती, हा प्रश्न असतो.

आता उलट बाजूही प्रामाणिकपणे बघू या, कारण ती टाळली तर आपलं बोलणं लंगडं पडेल. खोट्या तक्रारी होतात का? होतात. २५ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनातल्या युनियन या गावी सुझन स्मिथ या आईनं सांगितलं, की एका काळ्या माणसानं माझी मोटार पळवली, आत माझे दोन लहान मुलगे आहेत. नऊ दिवस ती दूरदर्शनवर मुलांसाठी आर्जव करत होती. देश तिच्याबरोबर रडला. नवव्या दिवशी तिनं कबूल केलं, की मोटार तिनंच मुलांसकट तळ्यात लोटली होती. १९९५ मध्ये तिला जन्मठेप झाली.

लिंडी रडली नाही म्हणून तिला खोटं ठरवलं. सुझन रडली म्हणून तिला खरं मानलं. दोन्ही वेळा अश्रूंनी दिशाभूल केली. सुझनचं खोटं पकडलं गेलं ते तक्रार घेऊन कसून तपास केल्यामुळे, तिच्या सांगण्यातली एकेक गोष्ट पडताळल्यामुळे. म्हणजे तक्रार खोटी असेल तरी ती नोंदवूनच खोटी ठरवता येते. आणि तिनं आळ घेतला तो कुणावर? काळ्या माणसावर, कारण त्याच्याबद्दल काहीही सांगितलं तरी ते पटतं हे तिला ठाऊक होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो आपल्या दाराशी येणार आहे.

तक्रारच घेतली नाही तर काय होतं, त्याचं आपल्या देशातलं नाव निठारी. नोएडाला लागून असलेल्या या गावात मोलमजुरीसाठी आलेल्या कुटुंबांची मुलं २००५ पासून एकामागून एक नाहीशी होत होती. आईबाप पोलिसांकडे खेटे घालत होते. मुलगी कुणाबरोबर पळून गेली असेल, येईल परत, अशी उत्तरं मिळत होती. बेपत्ता झालेल्या एका तरुणीच्या वडिलांनी न्यायालयापर्यंत धडक मारली, तेव्हा कुठे गुन्हा नोंदला गेला आणि त्या तपासातून धागा हाती लागला. २९ डिसेंबर २००६ ला एका बंगल्यामागच्या नाल्यातून मुलांचे अवशेष निघाले. मग पोलिसांवर कारवाई झाली, खटले झाले, फाशीच्या शिक्षा झाल्या. आणि शेवट? २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं तपासावर कडक ताशेरे ओढून दोन्ही आरोपींना जवळजवळ सर्व खटल्यांतून सोडलं, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात उरलेला खटलाही संपला. आज त्या मुलांच्या खुनासाठी एकही माणूस दोषी नाही. सुरुवातीच्या दिवसांत जे शोधलं नाही, ते पुढच्या वीस वर्षांत सापडलं नाही.

म्हणून कायदा काय म्हणतो ते पाठ असायला हवं. १० मे २०१३ ला बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा, आणि उलट सिद्ध होईपर्यंत मूल पळवलं गेलं आहे किंवा विकलं गेलं आहे असं गृहीत धरूनच तपास करायचा. गृहीत काय धरायचं ते न्यायालयानंच ठरवून दिलं आहे, ते फौजदाराच्या मनावर सोडलेलं नाही. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ललिता कुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती नोंदवणं बंधनकारक केलं. हा खटलासुद्धा मुलगी पळवली गेलेल्या एका बापाचाच होता. त्याची तक्रार कुणी घेईना, वरिष्ठांकडे गेल्यावर घेतली, तरी शोध सुरू होईना.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये काही गुन्ह्यांत आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे. पोलिस स्टेशनमध्ये तुम्हाला ती दाखवली जाईल. तेव्हा सांगायचं, की ती मुभा तीन वर्षांपासून सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. मूल पळवण्याला न्याय संहितेच्या कलम १३७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेव्हा ती इथे लागू नाही. 'आमची हद्द नाही' हेही चालत नाही, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो. नोंदीची प्रत फुकट मिळते. नाकारलं तर जिल्हा पोलिस अधीक्षकांकडे लेखी द्यायचं, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जायचं.

आता मुलींकडे येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार त्या एका वर्षात देशात ८३ हजारांहून अधिक मुलं बेपत्ता झाल्याची नोंद आहे. त्यांत जवळजवळ ६३ हजार मुली. म्हणजे चारातल्या तीन. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असली की ठाण्यात एकच वाक्य ऐकू येतं, 'गेली असेल कुणाबरोबर.' समजा गेली असेल. तरी ती अठराच्या आत आहे, तिला कुणी फसवून नेलं असेल, पुढे विकलं असेल, की ती खरोखरच घरच्या मारझोडीला कंटाळून गेली, हे शोधल्याशिवाय कळणार कसं?

पण मैत्रिणींनो, याच ठिकाणी आपली खरी कसोटी लागते. मुलगी स्वतःच्या मर्जीनं, दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर निघून गेली, की आईबाप 'पळवून नेलं' अशी तक्रार देतात. तिथे पोलिसांना शंका येत नाही. गाडी लगेच निघते. मुलगा दलित किंवा मुसलमान असला तर अधिकच लगेच. मुलगी एकोणीस वर्षांची असली तरी कागदावर तिचं वय कमी होतं. म्हणजे परतवायची ती तक्रार परतवली जाते, आणि तपासून घ्यायची ती तशीच उचलली जाते. अठराच्या उंबरठ्यावर आलेली मुलगी समजून उमजून स्वतः घर सोडून गेली, तर तिच्याबरोबर जाणाऱ्यानं तिला 'पळवून नेलं' असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६४ सालीच वरदराजन खटल्यात सांगून ठेवलं आहे. पुढे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं इतर प्रश्न उभे केले, तो वेगळा विषय. आपल्यापुरता नियम असा धरू या, की तक्रार कुणाचीही असो, नोंद आणि शोध झालाच पाहिजे. पण मुलगी सापडली, की आईबाप आणि पोलिस बाजूला ठेवून तिचं म्हणणं तिच्या तोंडून ऐकलं गेलं पाहिजे. शोध तिच्या सुरक्षिततेसाठी असतो. तिला पकडून आणण्यासाठी नसतो.

आणि आता तो दाराशी आलेला मुद्दा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. ही माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत गावोगाव हिंडणारी. त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मारलं. एकही मूल पळवलं गेलेलं नव्हतं. त्या वर्षीच्या अफवांमध्ये देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी बनवलेली होती. तिचा शेवट कापून ती पुढे ढकलली गेली.

जरा विचार करा. ज्या समाजाला प्रत्यक्ष आईच्या शब्दाला पुरावा लागतो, त्याच समाजाला भटक्या माणसाचा जीव घ्यायला एक कापलेली चित्रफीत पुरते. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का गेला नाही. संशय कुणावर घ्यायचा आणि विश्वास कुणावर ठेवायचा, हे जात, वर्ग आणि बाईपण पाहून आधीच ठरलेलं असतं. म्हणून 'बाईवर विश्वास ठेवा' एवढी घोषणा मला पुरेशी वाटत नाही. माझा आग्रह असा, की विश्वास किंवा अविश्वास हा निकाल आपण द्यायचाच नाही. आधी मूल शोधायचं. शोधताना जे सापडेल त्यावरून पुढचं ठरेल.

प्रत्यक्षात आपण काय करायचं? बाई आली, की पहिले प्रश्न मुलाबद्दल विचारायचे. अंगावर काय होतं, शेवटचं कुठे दिसलं, कुणी पाहिलं, फोटो आहे का. तिच्या संसाराचे प्रश्न नंतर. तिच्याशी एकटीशी बोलायचं, दीर-सासू-नवरा जवळ असताना नाही. तिच्या सांगण्यात वेळ जुळली नाही, तर ती खोटी म्हणण्याआधी तिला कुणाची भीती आहे ते विचारायचं. एकजण ठाण्यात थांबली, तर दुसरीनं बसस्टँड आणि रेल्वे स्टेशन गाठायचं, १०९८ ला कळवायचं, जवळच्या बालगृहांत फोन करायचे. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे द्यायचा असतो, त्याचा पाठपुरावा करायचा. आणि वस्तीत 'टोळी आली आहे' असा निरोप फिरू लागला, तर तो पुढे न पाठवता ठाण्यातून खातरजमा करायची आणि वस्तीत जाऊन बोलायचं. हेही मुलं वाचवण्याचंच काम आहे.

त्या आईची मी नंतर माफी मागितली. पायरीवर बसून तुला आरोपीसारखे प्रश्न विचारले, म्हटलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही विचारलंत ते विचारलंत, पण मला धरून आत तरी नेलंत." तिनं मला सोडून दिलं. मी मात्र तो अर्धा तास विसरलेली नाही. तुमच्यापैकी कुणाच्या वाट्याला तो येऊ नये, म्हणून हे सगळं सांगितलं.

एवढं बोलून थांबते.